निऱ्यांत दडवलेले काठ

महाड म्हटले की दोन दृश्ये डोळ्यांपुढे येतात. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यात उतरून ओंजळीने पाणी पिणारा समुदाय, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या रात्री पेटलेली मनुस्मृती. दोन्ही घटना आता पाठ्यपुस्तकांत आहेत आणि दरवर्षी त्यांचे स्मरण होते. परंतु डिसेंबरच्या परिषदेत आणखी एक गोष्ट घडली, जी बहुतेक इतिहासांत दोन ओळींत संपते. ती गोष्ट लुगड्याची आहे. आजचा थ्रेड तिच्यावर आणि तिच्यामागून पुढच्या साठ वर्षांत जे घडत गेले त्यावर. लांबण लागणार आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

आधी थोडी पार्श्वभूमी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी खर्चाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले. आणि पुढची तीन वर्षे त्या पाण्याला अस्पृश्य समाजातील कोणीही हात लावला नाही.

या तीन वर्षांकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे मला वाटते. मारहाणीचे भय होते हे उघड आहे, आणि ते खोटे नव्हते. मार्चमध्ये पाणी पिऊन परतलेल्या लोकांवर लाठ्या पडल्याच. परंतु भयाखेरीज आणखीही काही होते. पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्याजवळ येताच थबकणारे पाऊल एका ठरावाने पुढे पडत नाही. हुकूम डोक्याला समजतो. पाऊल, पाठ, मान, नजर यांना तो समजायला वेगळे शिक्षण लागते.

विषमतेचे हे शिक्षण लहानपणापासून शरीरालाच दिले जाई. समोरून सवर्ण येत असेल तर रस्ता सोडून खाली उतरायचे. कमरेत वाकून ‘जोहार’ घालायचा. भाकरी मागायला गेल्यावर कुठे उभे राहायचे, किती अंतर ठेवायचे, आवाज किती काढायचा, हे सगळे ठरलेले. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात नवी नवरी वाटेत जोहार घालायला चुकते तेव्हा होणाऱ्या अनर्थाचे वर्णन आहे. ती मुद्दाम चुकलेली नसते; तिच्या अंगाला अजून सवय झालेली नसते, इतकेच. त्या सवयीसाठी सासरच्या मंडळींनाही बोलणी खावी लागतात.

आणि लुगडे. बेबीताई लिहितात की महार बायकांना लुगड्याचे काठ दिसतील अशा रीतीने ते नेसता येत नसे. काठ निऱ्यांच्या आत दडवावे लागत. काठ मिरवणे हा वरच्या जातींच्या बायकांचा मान. म्हणजे लुगडे एखादे वेळी चांगले मिळाले तरी त्यातला जो भाग डोळ्यांना सुख देतो तोच झाकायचा. सौंदर्यावरची अशी जकात मी दुसरीकडे क्वचितच वाचली आहे.

आता डिसेंबर १९२७ कडे वळू. २५ ते २७ डिसेंबर ही परिषद. पाण्याचा सत्याग्रह पुन्हा करायचा म्हणून हजारो लोक महाडला जमले होते; परंतु तळे खाजगी असल्याचा दावा करून काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. (हा दावा मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. दहा वर्षे!) लोक निराश होऊन घरी जाण्याचा धोका होता. मनुस्मृतीचे दहन झाले, मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. आणि परिषद आटोपल्यावर बाबासाहेब जमलेल्या बायकांशी स्वतंत्रपणे बोलले.

त्या भाषणाचा आशय चांगदेव खैरमोडे आदी चरित्रकारांनी नोंदवला आहे. आज तो वाचताना पहिला अनुभव आश्चर्याचा येतो. ज्या माणसाने दोन दिवसांपूर्वी स्मृतिग्रंथाला आग लावली, तो कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेला पंडित बायकांसमोर उभा राहून लुगडे कसे नेसावे हे सांगतो आहे. गुडघ्यापर्यंत वर चढवलेले लुगडे खाली घोट्यापर्यंत नेसा. गळ्यात गळसऱ्यांची रास आणि कोपरापर्यंत कथलाचे नि चांदीचे गोठ-पाटल्या घालू नका. ही तुमची ओळख पटवणारी खूण आहे. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नसेल तर घालू नका. कापड फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. घरात मेलेल्या जनावराचे मांस येऊ देऊ नका. मुलींना शाळेत घाला. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला वा मुलाला जेवायला वाढू नका.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आपल्याला ‘सुधारणा’ म्हणून चटकन पटतात. लुगड्याची गोष्ट मात्र किरकोळ, थोडी अवघडल्यासारखी वाटते. बाबासाहेबांना ती तशी वाटली नव्हती. त्यांचा मुद्दा साधा होता: गावात तुमची जात तुमच्या तोंडून कळायच्या आधी तुमच्या पोटऱ्यांवरून आणि मनगटांवरून कळते. तुमच्या कपाळावर कोणी काही लिहिलेले नाही. जी खूण आहे ती नेसण्यात आहे, आणि नेसणे तुमच्या हातात आहे. मनाईहुकूम तळ्यावर होता. निऱ्यांवर कोणत्याही न्यायालयाचा हुकूम नव्हता.

महाड सोडण्यापूर्वीच अनेक बायकांनी लुगडी नव्या रीतीने नेसली. ते कसे नेसायचे हे दाखवायला लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे या पुढे आल्या. या दोघी चांद्रसेनीय कायस्थ घरांतल्या, चळवळीत बाबासाहेबांसोबत उभ्या राहिलेल्या सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्या कुटुंबांतल्या. क्षणभर हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. स्पृश्य घरातली बाई अस्पृश्य बाईच्या कमरेशी वाकून तिच्या निऱ्या घालते आहे. ज्या गावात नऊ महिन्यांपूर्वी एका ओंजळीच्या स्पर्शाने तळे ‘बाटले’ म्हणून त्यात गोमूत्र, शेण, दही, दूध ओतून ते शुद्ध करून घेतले होते, त्याच गावात. सहभोजनाची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. या निऱ्यांचे चित्र अजून कोणी काढलेले माझ्या पाहण्यात नाही.

यापूर्वी असे काही झालेच नव्हते असे नाही. कोकणात, विशेषतः दापोली-महाड पट्ट्यात, निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. गोपाळबाबा वलंगकरही लष्करातूनच आले. पलटणीत ज्याने छाती काढून कवायत केली आहे त्याला गावी येऊन पाठ वाकवणे जड जाते. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. त्यात रोजीरोटीचा प्रश्न होताच. पण ताठ उभे राहण्याची परवानगी असलेली एकमेव जागा हातातून निसटत होती, हेही होते असे मला वाटते. समता सैनिक दल १९२७ च्याच सुमारास उभे राहिले, आणि त्यातही कवायत आणि रांग यांना महत्त्व होते. पुरुषांच्या शरीराला असा एक मार्ग पूर्वीपासून ठाऊक होता. बायकांसाठी तो महाडमध्ये प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत मांडला गेला.

अभिवादनही बदलले. ‘जोहार’ मागे पडला आणि १९३० च्या दशकात ‘जय भीम’ आला. त्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. जोहार कमरेत वाकून घालायचा असे, जय भीम मान ताठ ठेवून म्हणायचा. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला, एवढेच कोशात दिसेल. पाठीच्या कण्याला विचारले तर ते वेगळे सांगेल.

येथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो अनेक अभ्यासकांनी घेतला आहे. घोट्यापर्यंत लुगडे, सोन्याचा एकच दागिना, स्वच्छता, संयम: हे सगळे वरच्या जातींचे अनुकरण नव्हे काय? ज्यांनी अपमान केला त्यांच्यासारखे दिसणे म्हणजे बरे होणे काय? प्रश्न खरा आहे. त्याला माझे उत्तर अर्धवट आहे. ज्याच्या अंगावर खूण उमटवलेली आहे त्याला ती आधी पुसायचीच असते. पुसल्यावर काय नेसायचे हा पुढचा प्रश्न, आणि तो ज्याने कधी काठ दडवले नाहीत त्याने विचारणे जरा सोपे आहे. तरीही या प्रतिष्ठेची किंमत कोणीतरी दिली. ती कोणी, हे पाहू.

मुरळ्या, जोगतिणी आणि तमाशातल्या कलावंतिणी यांतल्या बहुतेक स्त्रिया अस्पृश्य जातींतल्या. त्यांच्या प्रश्नाला हात घालण्याचे काम महाडच्याही आधी, पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी केले होते. त्यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्राने मुरळी सोडण्याची चालीविरुद्ध १९०८ पासून लिहिले. त्याला शिवूबाई या मुरळीने पत्र पाठवले, ते छापले गेले, आणि पुढे १९०९ मध्ये कांबळ्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी विवाह केला. येथे सुधारकाने केवळ उपदेश केला नाही, चळवळीतला माणूस जबाबदारी घेऊन उभा राहिला. प्रमाण लहान, पण रीत महत्त्वाची.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, वाघ्ये, पोतराज यांच्या सभेत बोलले. धर्मांतराची घोषणा येवल्याला होऊन आठ महिने झाले होते. त्यांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना स्पष्ट सांगितले: आमच्याबरोबर यायचे असेल तर हे जीवन सोडावे लागेल. पोट कसे भरायचे, हा प्रश्न उरतो हे त्यांना ठाऊक होते. त्यावर मार्ग शेकडो आहेत, तो मी सांगत बसणार नाही, पण हे सोडा, असा त्यांचा रोख. आजही हे भाषण वाचताना मी थबकतो. समाजाची मान ताठ व्हावी यासाठी ज्या शरीरांवर सगळ्यात जास्त घाव पडले होते त्यांनाच ‘डाग’ ठरण्याची पाळी आली. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर केलेल्या कामात हा ताण बारकाईने मांडला आहे. बाबासाहेबांचे म्हणणे चूक होते असे मी म्हणत नाही. शोषणाला कला म्हणून गोंजारणाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती. परंतु बरे होणे सगळ्यांच्या वाट्याला एकाच वेळी आणि सारखे येत नाही, हे येथे दिसते.

गंमत अशी की तमाशा बाहेर काढला जात असतानाच त्याचे शरीर चळवळीने आपलेसे केले. त्याचे नाव आंबेडकरी जलसा.

सत्यशोधकांनी जलशाचा पाया आधीच घातला होता. तमाशातले गण, गवळण, बतावणी, वग असे ठाट घ्यायचे आणि आतला ऐवज बदलायचा. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. त्या तापलेल्या हवेत हे जलसे गावोगाव जाऊ लागले. गणातले स्तवन बदलले. वगात सावकार, पाटील, भट आणि त्यांना भोळेपणाने शरण जाणारा आपलाच माणूस आला. विषय शाळेचे, दारूचे, वतनाचे, मंदिराचे. लावणीतला शृंगार गेला. स्त्रीपात्रे पुरुषच करीत. म्हणजे वर सांगितलेली किंमत येथेही दिली गेली, ज्या बायकांनी हा मंच शतकभर तोलून धरला होता त्या मंचावरून उतरल्या.

तरी जलशाने जे केले ते भाषणाने झाले नसते. बहुसंख्य श्रोते निरक्षर. पत्रके वाचणार कोण? परंतु ढोलकीचा पहिला ठोका पडला की काय करायचे हे अंगाला माहीत असते. ओळखीचा ताल, ओळखीची चाल, आणि त्यात अनोळखी शब्द. ज्या पाटलासमोर दिवसा मान खाली घालायची त्याच पाटलाच्या सोंगावर रात्री सगळा महारवाडा एकत्र हसतो. भीती ही एकट्याने बाळगायची गोष्ट आहे. तिच्यावर शंभर माणसे एका वेळी हसली की ती पूर्वीसारखी उरत नाही. कर्डकांनी पुढे या जलशांवर पुस्तक लिहिले. वामनदादा कर्डकांसारख्या पुढच्या पिढीच्या कवी-गायकांमुळे ही परंपरा जयंतीच्या मांडवांतून आजपर्यंत चालत आली आहे.

बायकांचे काय झाले? त्या मंचावर नसल्या तरी सभेत आल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अस्पृश्य स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. हजारो बायका जमल्या. बाबासाहेबांनी तेथे बायकांचे राहणीमान, पोशाख आणि जागृती किती पालटली आहे याचा समाधानाने उल्लेख केला. महाडच्या मांडवातल्या त्या बोलण्याला तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती. या कार्यकर्त्या बायकांच्या आठवणी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गोळा केल्या आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये केले. ते मिळाले तर जरूर वाचावे.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला दीक्षा घेण्यासाठी लोक पांढरी वस्त्रे नेसून आले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबत नाही. बावीस प्रतिज्ञांनी घरातले देव गेले, आणि देवांबरोबर आणखी एक गोष्ट गेली जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही: अंगात येणे.

‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या आषाढाचे वर्णन आहे. सारवण, स्नाने, देवीचे वारे, घुमणाऱ्या बायका. बेबीताई कट्टर आंबेडकरी; त्या हे सगळे अज्ञान म्हणून सांगतात, चिडून सांगतात. पण त्यांची लेखणी येथे सर्वांत जिवंत होते, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. एरवी जिला कोणी विचारत नाही ती बाई घुमू लागली की सारे घर तिच्यापुढे हात जोडते, तिला प्रश्न विचारते, तिचे उत्तर मानते. वर्षभर दाबलेल्या अंगाला तेवढीच वाट होती. आणि त्याच पुस्तकात पुढे सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवल्याचे वर्णन येते. नाक कापल्याचे येते. गावाने महारांना जे केले तेच महार पुरुषांनी आपल्या बायकांना केले, हे बेबीताई कोणतीही भीड न ठेवता लिहितात. निऱ्यांतले काठ बाहेर आले, तरी घरातला खोडा घरच्यांनाच सोडावा लागणार होता.

बेबीताई १९२९ मध्ये जन्मल्या, म्हणजे महाडनंतर दोन वर्षांनी. लहान वयात लग्न झाले. फलटणला त्यांनी छोटे दुकान चालवले. पुड्या बांधायला रद्दी येई, ती त्या वाचीत. वाचता वाचता लिहू लागल्या. आणि जे लिहिले ते सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना या लेखनाचा सुगावा लागला आणि त्यांच्या आग्रहाने ते छापण्याकडे वळले. १९८० च्या दशकात ते आधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आणि नंतर पुस्तकरूपाने आले. त्याच काळात शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही आले, आणि मराठीत दलित स्त्रियांची आत्मकथने ही एक स्वतंत्र धारा झाली.

या पुस्तकात एक विलक्षण गोष्ट आहे. त्यात ‘मी’ फार थोडी आहे, ‘आम्ही’ फार आहे. भुकेविषयी, बाळंतपणाविषयी, खोड्याविषयी त्या लिहितात ते साऱ्या महारवाड्याविषयी. स्वतःच्या संसाराविषयी जवळजवळ गप्प. पुढे माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी घेतलेल्या मुलाखतीत नवऱ्याच्या संशयाचा आणि मारहाणीचा विषय निघाला. बेबीताईंनी तो नाकारला नाही. मार त्यांनीही खाल्ला होता. मग पुस्तकात का नाही, या प्रश्नाला त्यांचे म्हणणे असे की हे तेव्हा बहुतेक बायकांच्या वाट्याला होते, आणि त्यांना सांगायचे होते ते समाजाचे दुःख, स्वतःचे नव्हे.

तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते.